समुद्री टँकमधले अनोळखी किडे आणि संशयित पाहुणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड्या पाण्यातले मासे पाळणारे कोल्हापुरात गल्लोगल्ली सापडतील. समुद्री टँक मात्र मोजकेच आहेत. त्यामुळे रात्री लाइट बंद झाल्यावर दगडातून काही वळवळत बाहेर आलं, तर विचारायला शेजारी कुणी नसतं. मग घाबरून औषध टाकलं जातं आणि दोन दिवसांत सगळा टँक बसतो. किड्यांमुळे बुडालेल्या टँकपेक्षा किडे मारायच्या घाईत बुडालेले टँक जास्त आहेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. म्हणून आधी ओळखायचं, मग ठरवायचं.

हे किडे आले कुठून? मी तर फक्त मासे आणि दोन कोरल आणली होती.

त्या कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या, बुडातूनच आले. कोरल ज्या तुकड्यावर चिकटवलेलं असतं त्याची भोकं, लाइव्ह रॉकच्या (जिवंत जीव असलेल्या समुद्री दगडाच्या) फटी, मित्राकडून आणलेली मूठभर वाळू, मॅक्रोअल्गीचा (मोठ्या समुद्री शेवाळाचा) झुपका, यातल्या कशातूनही अंडी किंवा पिल्लं येतात. कित्येक महिने ती दिसतही नाहीत. सहा महिन्यांपूर्वी आणलेल्या दगडातला किडा आज दिसला, तर त्यात नवल काही नाही.

ओळख पटवायला सुरुवात कुठून करू?

अंधारापासून. लाइट बंद झाल्यावर तास-दीड तास थांबा, टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटिन पेपर गुंडाळा आणि मग बघा. बहुतेक किड्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते पळत नाहीत. पांढरा टॉर्च मारलात तर फक्त शेपूट आत जाताना दिसेल.

मग स्वतःला विचारायचे प्रश्न असे. अंगावर वळ्या, म्हणजे खंड, आहेत का? बाजूंनी केस आहेत का? अंग गोल की सपाट? डोक्याला स्पर्शिका असतील तर किती? तो मोकळा फिरतो की नळीत राहतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तो नेमकं काय खातोय? कोरलवर बसलेला किडा कोरल खात असेलच असं नाही. आधीच मेलेला भाग साफ करायलाही तो तिथे आलेला असू शकतो.

फोटो काढताना पॉवरहेड, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, थोडा वेळ बंद करा आणि मोबाइल काचेला अगदी सरळ टेकवा, तिरका धरलात की चित्र फाटतं. किडा हाती लागला तर त्याला टँकच्याच पाण्यात, पांढऱ्या वाटीत ठेवा आणि वाटीखाली पट्टी ठेवून फोटो घ्या, म्हणजे लांबी कळते. नुसतं "बोटाएवढा आहे" असं सांगून कुणाला काही ओळखता येत नाही.

आणखी एक गोष्ट जवळ हवी. गुजरीत सोनार डोळ्याला लावतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. एक-दोन मिलिमीटरचा जीव त्यातून असा दिसतो की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

दगडातून गोमेसारखा गुलाबी, केसाळ किडा निघतो. मारू का?

नको. हा ब्रिसल वर्म. आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा किडा हाच, आणि विनाकारण सगळ्यात जास्त मारला जाणाराही हाच.

अंग गुलाबी, नारिंगी किंवा तपकिरी असतं, वळ्या ठळक दिसतात, आणि प्रत्येक वळीच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या ताठ केसांचा झुबका असतो. टँकमध्ये आढळणाऱ्यांपैकी एक नेहमीची जात म्हणजे युरिथोई कॉम्प्लानाटा. हे किडे उरलेलं खाद्य, माशांची विष्ठा, मेलेले जीव खातात. रात्री एकदा नीट बसून बघा. काच आणि दगडाच्या फटीत खाद्याचा दाणा अडकलेला असतो. आपलं बोट, चिमटा, सायफन, काहीच तिथे पोचत नाही. थोड्या वेळाने फटीतून एक डोकं बाहेर येतं, चाचपडत दाण्यापर्यंत जातं, तोंडाचा मऊ भाग बाहेर काढून दाणा धरतं आणि तसंच मागे सरकत आत नेतं. तो दाणा तिथेच कुजला असता तर त्याचं अमोनिया झालं असतं. टँकमधला हा साफसफाईवाला आहे, आणि चांगल्या टँकमध्ये तो असायलाच हवा.

कोरल खाणारा 'फायरवर्म' म्हणून इंटरनेटवर ज्याचे फोटो फिरतात तो हर्मोडीस कॅरन्क्युलाटा. तो मुख्यतः अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला. अंग जाड, केसांच्या मुळाशी लालसर कल्ल्यांचे झुबके, आणि डोक्यावर मांसल घडी. आपल्याकडचा माल साधारणपणे हिंदी-प्रशांत महासागराकडून येतो, त्यामुळे हा आपल्या टँकमध्ये निघण्याची शक्यता फारच कमी.

पण मेलेल्या माशावर दहा-बारा ब्रिसल वर्म तुटून पडलेले मी डोळ्यांनी पाहिले!

पाहिलेलं खरंच आहे, फक्त क्रम उलटा. मासा आधी मेला किंवा मरणाला टेकला, मग वास लागून हे आले. ठणठणीत मासा ब्रिसल वर्मच्या हाती लागत नाही. मासा का गेला हे शोधायचं असेल तर अमोनिया, तापमान, खारटपणा तपासा. आणखी एक बघा, नवा दांडगा मासा त्याला छळत होता का. किड्यांना दोष देऊन थांबलात तर पुढचा मासाही जाईल.

त्याचे केस बोटात घुसले. आता?

चोळू नका. चोळलं की ते मोडतात आणि आणखी खोल जातात. सेलोटेप किंवा जाड चिकटपट्टी त्या जागी हलकेच दाबून लावा आणि सरळ ओढा, असं दोन-चार वेळा करा. नंतर व्हिनेगर लावल्यावर आग कमी होते. सूज चढत गेली, श्वास लागला किंवा अंगावर पित्त उठलं तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरकडे जा. यापुढे दगड उचलताना जाड रबरी हातमोजे घालायचेच.

फार वाढलेत. दगड उचलला की खाली गुंताच दिसतो.

खाद्य जास्त पडतंय. ब्रिसल वर्मची संख्या मिळणाऱ्या अन्नानुसार वाढते आणि कमी होते. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच खाद्य टाका, गोठवलेलं खाद्य वितळवून त्याचं पाणी फेकून द्या, मग हळूहळू संख्या आपोआप उतरते.

लगेच कमी करायचे असतील तर सापळा करा. बोटभर लांबीची पीव्हीसी नळी घ्या, दोन्ही टोकं बंद करा, बाजूला बारीक भोकं पाडा आणि आत कोळंबीचा तुकडा ठेवा. रात्री वाळूवर ठेवायची, उजाडायच्या आत काढायची. विसरलात तर कोळंबी आतच कुजते. ॲरो क्रॅब आणि सिक्स-लाइन रॅसही हे किडे खातात. पण ॲरो क्रॅब इतर लहान जीवांनाही हात घालतो आणि सिक्स-लाइन रॅस मोठा झाला की नव्या माशांशी भांडतो, म्हणून फक्त किड्यांसाठी त्यांना आणू नका.

चमकणारा, खूप लांब, डोक्याला शिंगं असलेला किडा. हाच का तो 'बॉबिट'?

इथे मात्र सावध व्हा. डोक्यावर पाच स्पर्शिका, अंगावर इंद्रधनुषी झाक, बाजूचे केस ब्रिसल वर्मपेक्षा कितीतरी कमी उठून दिसणारे, आणि दगडाच्या भोकातून फक्त पुढचा भाग बाहेर: ही युनिसिड कुळाची खूण. या कुळातले सगळेच शिकारी नसतात, काही शेवाळ खातात. पण मोठ्या युनिसिडचे जबडे बळकट असतात, आणि कोरल कुरतडलेली दिसणं, रात्रीतून गोगलगायी किंवा छोटे मासे नाहीसे होणं, अशा तक्रारी असतील तर संशय याच्यावर घ्यायचा.

युनिसी ॲफ्रोडिटॉइस, म्हणजे खरा बॉबिट, केवढा होऊ शकतो? जपानमध्ये एका तराफ्याच्या फ्लोटमध्ये सापडलेला नमुना २९९ सेंटिमीटर भरला होता. इंग्लंडमध्ये न्यूकी इथल्या मत्स्यालयात २००९ साली कोरल तुटलेली सापडू लागली. कर्मचाऱ्यांनी शेवटी टँकमधले दगड काढायला घेतले तेव्हा सुमारे चार फुटी किडा हाती आला. म्हणजे रोज टँक बघणाऱ्या माणसांनाही तो दिसलेला नव्हता.

काढायचा कसा? ओढायचा नाही. तो मध्येच तुटतो आणि आतला भाग जिवंत राहून पुन्हा वाढू शकतो. तो कुठल्या भोकात राहतो ते आधी रात्री नक्की करा, सकाळी तेवढाच दगड उचलून बादलीत घ्या. मग सिरिंजने भोकात सोडावॉटर सोडा. साधा सोडा, लिंबू-साखर न घातलेला. कार्बन डायऑक्साइडमुळे त्याला बाहेर यावंच लागतं. हे टँकच्या आत करायचं नाही, पाण्याचा पीएच झटक्यात पडतो. दगड परत ठेवण्याआधी टँकमधून काढलेल्या पाण्यात विसळून घ्या.

वाळूवर आणि दगडावर तांबूस-तपकिरी, चपटे ठिपके पसरलेत.

ठिपके सरकत असतील आणि भिंगातून मागच्या टोकाला छोटी टोकं दिसत असतील तर हे लाल फ्लॅटवर्म, कन्व्हॉल्युट्रिलोबा. लांबी काही मिलिमीटर. यांच्या अंगात शैवाल राहतं, म्हणून उजेडाच्या जागी गर्दी करतात. थोडे असतील तर धोका नाही. वाढले की कोरलवर पसरून त्यांचा उजेड अडवतात.

यात खरी भीती मारण्याची आहे. फ्लॅटवर्म मरताना शरीरातलं विष पाण्यात सोडतात. शेकड्यांनी एकदम मेले तर मासेही मरतात. म्हणून क्रम चुकवायचा नाही:

१. एअरपंपाच्या बारीक नळीने सायफन लावून रोज जमतील तेवढे ओढून काढा. काही दिवस हेच करा.
२. संख्या बरीच उतरली की मगच फ्लॅटवर्म एक्झिटसारखं औषध, पाकिटावर दिलेल्या मात्रेत.
३. औषध टाकण्याआधीच बदलायचं पाणी तयार ठेवा, मीठ पूर्ण विरघळलेलं, तापमान जुळवलेलं. ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बनही हाताशी हवा.
४. मेलेले किडे तरंगू लागले की लगेच ओढून घ्या, कार्बन लावा, पाणी बदला.

पहिल्या पायरीचा कंटाळा येतो हे कळतं. पण सगळी सुरक्षितता त्या पहिल्या पायरीतच आहे.

ॲक्रोपोराचा रंग उतरतोय, पण पाण्याच्या सगळ्या टेस्ट बरोबर येतात.

ॲक्रोपोरा हे फांद्यांचं दगडी कोरल. त्याच्या फांदीच्या खालच्या भागावर गोल, फिकट चावे दिसतात का बघा. दिसत असतील तर ॲक्रोपोरा खाणारा फ्लॅटवर्म धरून चाला. तो कोरलच्याच रंगाचा असतो, दोन इंचांवरूनही दिसत नाही. कोरल बादलीत धरून टर्की बॅस्टरने (रबरी फुगा दाबून पाणी मारायच्या नळीने) फवारा मारला की सुटून खाली पडतो. मेलेल्या बुडाजवळ बारीक तपकिरी अंड्यांचे पुंजके असतात. कोणत्याही डिपने, म्हणजे कोरल थोडा वेळ औषधाच्या पाण्यात बुडवून, ही अंडी मरत नाहीत, ती ब्लेडने खरवडूनच काढावी लागतात, आणि पुढे काही आठवडे डिप परत परत द्यावा लागतो. जमलं तर तो तुकडा पूर्ण बुडापासून तोडून नव्या प्लगवर (कोरल चिकटवायच्या छोट्या तुकड्यावर) लावणं जास्त बरं.

काचेवर आणि दगडावर पांढऱ्या नळ्या झाल्यात. कोणत्या वाईट?

तीन वेगळे जीव आहेत. ते ओळखायला शिकणं फार उपयोगाचं आहे.

एक-दोन मिलिमीटरची, गोल गुंडाळलेली पांढरी वेटोळी: स्पायरॉर्बिड. निरुपद्रवी. पाणी गाळून खातात. पंपात फार साठले तर व्हिनेगरच्या पाण्यात पंप ठेवून धुवा, बास.

नळीच्या तोंडाशी पिसांचा छोटा मुकुट आणि सावली पडताच आत जाणारा: फेदर डस्टर. राहू द्या, दिसायलाही सुंदर असतो.

कडक, वेडीवाकडी नळी, तोंड धारदार, आणि तिथून निघालेले कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे: व्हर्मेटिड. हा किडा नाहीच, ही गोगलगाय आहे. चिकट धाग्यांनी पाण्यातलं खाद्य पकडते. हे धागे कोरलवर पडत राहिले की तिथलं कोरल मिटून बसतं. फ्रेंच पॉलिनेशियात मोरेआ बेटाच्या प्रवाळांवर झालेल्या अभ्यासातही व्हर्मेटिडजवळच्या कोरलची वाढ आणि जगण्याचं प्रमाण दोन्ही घटलेलं आढळलं. उपाय सोपा पण चिकाटीचा: पक्कडीने नळी मुळाशी तोडा आणि तोंडावर जेल प्रकारच्या सुपरग्लूचा थेंब टाकून बुजवा. पावडर खाद्य आणि कोरल फूड काही काळ कमी करा. हात कापतो, हातमोजे घाला.

दगडातून पांढरे लांब धागे वाळूवर पसरतात आणि हात लावला की आत जातात.

स्पॅगेटी वर्म. वाळूवरचा गाळ खातो. चांगला पाहुणा, राहू द्या.

तपकिरी, पारदर्शक, छोटं ॲनिमोनसारखं काहीतरी दगडोदगडी उगवलंय.

एप्टेशिया. किडा नसला तरी त्रासात सगळ्यांच्या वरचढ. खरवडायचं नाही. बुडाचा कण राहिला तरी त्यातून नवा उगवतो. सिरिंजने त्याच्या तोंडात कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सोडा, पंप बंद ठेवून, एका वेळी मोजक्यांनाच. पानपट्टीवरचा चुना रासायनिकदृष्ट्या हाच असतो, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नाही, तो टँकमध्ये नको. पेपरमिंट श्रिंप बऱ्याचदा एप्टेशिया खातात. बर्गिया नावाची सागरी गोगलगाय तर एप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही, त्यामुळे ते संपल्यावर तिला दुसऱ्या कुणाच्या टँकमध्ये द्यावं लागतं, नाहीतर ती उपाशी मरते.

काचेवर धावणारे पांढरे ठिपके?

कोपेपॉड. आनंदाची गोष्ट. मँडरिनसारख्या माशांचं हे मुख्य अन्न. थोडे मोठे, बाकदार, दगडावर उड्या मारणारे असतील तर अँफिपॉड. तेही चांगलेच.

छोटे, कमी-जास्त पायांचे स्टारफिश?

ॲस्टेरिना. बहुतेक जण काचेवरचा थर खातात. झोअँथिडवर (झुपक्याने वाढणाऱ्या मऊ कोरलसारख्या जीवावर) सतत बसलेले दिसले आणि तिथले पॉलिप, म्हणजे त्याची एकेक तोंडं, मिटू लागले तरच हाताने उचलून काढा.

रात्री टँकमधून 'टक्' असा आवाज येतो.

पिस्टल श्रिंप किंवा मँटिस श्रिंप. पिस्टल श्रिंप सहसा कुणाला त्रास देत नाही. आवाजासोबत खेकडे, गोगलगायी फुटलेल्या सापडत असतील तर मँटिस. मोरपंखी मँटिसच्या ठोशाचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला गेला आहे, तेव्हा हाताने पकडायच्या भानगडीत पडू नका. वरचा सोडावॉटरचा उपाय इथेही चालतो.

मेडिकलमध्ये मिळणारी जंताची गोळी टाकली तर सगळे किडे एकदम जातील ना?

जातील, आणि प्रश्न तिथूनच सुरू होईल. लाइव्ह रॉकच्या पोटात दिसत नाहीत असे असंख्य किडे असतात. ते सगळे एका रात्रीत मेले की अमोनिया चढतो, फेदर डस्टर आणि कोरलही त्यात जातात. तांब्याचं औषध तर मुख्य टँकमध्ये कधीच नको. कोळंबी, गोगलगायी, कोरल, कुणालाच ते सोसत नाही, आणि दगडात मुरलेलं तांबं पुढे हळूहळू सुटत राहतं. गोड्या पाण्यातून समुद्री टँककडे आलेल्यांना ही सवय सोडणं जड जातं, पण सोडावीच लागते.

मग दगड उकळून घेऊ का?

कधीही नाही. या पानावरचं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. झोअँथिड आणि पॅलिथोआ जातीच्या काही पॉलिपमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. असा दगड उकळला की ते वाफेबरोबर घरभर पसरतं आणि घरातली माणसं, पाळीव जनावरं दवाखान्यात पोचतात. गरम पाणी ओतणं, वाळलेले पॉलिप ब्रशने घासणं, हेही तितकंच धोक्याचं. असा दगड हाताळताना हातमोजे आणि गॉगल हवाच, आणि हाताला जखम असेल तर त्या दिवशी टँकला हात लावू नका. दगड हाताळल्यावर ताप, छातीत जड वाटणं, श्वास लागणं असं काही झालं तर डॉक्टरला टँकबद्दल आधी सांगा.

रविवारी मालवणला जातोय. तिथून एखादा दगड आणला तर?

आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं आहेत. जिवंत असो वा मेलेलं, किनाऱ्यावरून उचलणं हा गुन्हा आहे. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे. आपण फोंडा घाट उतरून ज्या समुद्राचं कौतुक करायला जातो, तिथलेच दगड पिशवीत घालून आणायचे हे मनाला पटत नाही. टँकसाठी सिरॅमिकचे कृत्रिम दगड मिळतात. त्यांत किडे नसतात हा वरचा फायदा. कोरल विकत घेतानाही पक्कं बिल आणि ते कायदेशीर मार्गाने आल्याची कागदपत्रं मागा.

लाइट गेल्यावर सगळे किडे एकदम दगडाबाहेर आले. का?

त्यांना ऑक्सिजन पुरत नाहीये, आणि ही सूचना ते तुमच्या माशांच्या आधी देतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यात पंप थांबला की परिस्थिती झपाट्याने बिघडते. पावसाळ्यात लाइट किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुराचा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असायलाच हवा. किडे बाहेर दिसले की मारत बसू नका, आधी पाणी हलवा. प्लास्टिकच्या मगाने टँकचंच पाणी वरून ओतत राहिलात तरी मदत होते.

नवं कोरल आणलं की काय करू, म्हणजे हे सगळं टळेल?

पूर्ण टळत नाही, बरंच कमी होतं. आलेलं कोरल ज्या प्लगवर असेल तो शक्यतो काढून टाका. निम्मे पाहुणे तिथेच असतात. मग आयोडीनचा किंवा कोरल डिपचा पाकिटावर दिलेल्या मात्रेत, दिलेल्या वेळेपुरता डिप, आणि वाटीत काय पडलं ते भिंगाने बघा. तिथे जे पडतं त्यावरूनच पुढचं ठरवायचं. त्यानंतर काही आठवडे वेगळा छोटा टँक, कारण अंडी डिपला दाद देत नाहीत. डिपचं पाणी टँकमध्ये जाऊ द्यायचं नाही.

काढलेल्या किड्यांचं, एप्टेशियाचं काय करू? रंकाळ्यात सोडले तर चालतील?

रंकाळ्याच्या गोड्या पाण्यात ते मरतील आणि घाण तेवढी होईल. समुद्रातही सोडू नका. दुसऱ्या महासागरातून आलेला जीव आपल्या किनाऱ्यावर रुजला तर तो परत काढता येत नाही. डब्यात भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात न टाकता ओल्या कचऱ्यात द्या. झोअँथिडचे तुकडे असतील तर दोन पिशव्यांत घट्ट बांधून वेगळे द्या, आणि तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात वापरू नका.